सगळ्यांत लहान ठोकळा कुठं आहे, ते विचारा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी पावणेतीन वर्षांची, येत्या जूनमध्ये बालवाडीत घालायची. घर कोल्हापुरात, राजारामपुरीत. समोर तीन शाळा. एक ताराबाई पार्कातली, पाटीवर ठळक 'मॉन्टेसरी', एसी वर्ग, फी बाकीच्यांच्या तिप्पट. दुसरी मोठ्या इंग्रजी शाळेला जोडलेली. तिथं एकदा नाव लागलं की पहिलीची काळजी मिटते, असं सगळे सांगतात. तिसरी घरापासून चालत सात मिनिटांवरची मराठी बालवाडी. दोन खोल्या, मागं अंगण, आणि तीही स्वतःला मॉन्टेसरीच म्हणवते. त्यात सासूबाईंचा सवाल, "खेळायलाच पाठवायचं तर घरी काय वाईट आहे?" आणि तुमचा सवाल, यांतली खरी मॉन्टेसरी कोणती?

मी 26 वर्षं कोल्हापुरात बालवाडीचं काम करते. आधी मदतनीस होते, मग ताई झाले, आता नव्या ताईंना तयार करते. या तीन शाळा कोणत्या ते मला माहीत नाही आणि नाव कळलं असतं तरी इथं निकाल दिला नसता, कारण शाळा ताईगणिक बदलते. कसं बघायचं ते मात्र सांगू शकते.

आधी पाटीचा विषय संपवू. 'मॉन्टेसरी' हे नाव कुणाच्या मालकीचं नाही. कुणीही लावू शकतो. पुण्यामुंबईच्या हॉटेलात भाजीवर लाल तवंग आला की तिला 'व्हेज कोल्हापुरी' म्हणतात. आपल्या घरी असलं काही शिजत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. तसंच हे. आणि एसीचं म्हणाल तर मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरीण बाईंनी पहिलं बालगृह उघडलं ते 6 जानेवारी 1907 रोजी, रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत. आईबाप कामावर गेले की जिन्यांत आणि भिंतींवर दंगा करणारी कष्टकऱ्यांची पोरं, ती त्यांची पहिली मुलं. आपल्याकडं गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढं बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी हेच काम नेलं, तेही बिया, शिंपले, पानं, खडे असं मिळेल त्या साहित्यावर. मॉन्टेसरीबाई स्वतः 1939 मध्ये मद्रासला अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळं वर्षानुवर्षं भारतातच राहिल्या. हे एवढ्यासाठी सांगितलं, की तुमच्या तिसऱ्या शाळेच्या दोन खोल्या बघून तिला आधीच खालच्या नंबरावर टाकू नका. वरच्या नंबरावरही टाकू नका. गरीब दिसणारी शाळा आपोआप ताराबाईंची होत नाही.

तेव्हा 'खरी कोणती' हा प्रश्न बाजूला ठेवा. तुमच्या मुलीला त्या खोलीत हातातलं काम स्वतःच्या हातानं पुरं करू देतात का, हे बघायचं. ते बघायला तासभर वर्गात बसावं लागतं. दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला जा. गॅदरिंगच्या तयारीच्या दिवसांत नको, प्रवेशाच्या गडबडीत नको, साध्या मंगळवारी जा. कोपऱ्यात बसा, मोबाईल पर्समध्ये. अख्खा वर्ग बघत बसू नका, काही दिसणार नाही. एकच मूल निवडा, फार हुशार नको आणि फार रडकंही नको, आणि वीस मिनिटं त्याच्यावरच नजर ठेवा. त्यानं साहित्य कपाटातून स्वतः आणलं का? चटई स्वतः अंथरली का? तेच काम दोनदा, चारदा करावंसं वाटलं तर कुणी करू दिलं का, की "चला, आता दुसरं घ्या" म्हणून हातातलं काढून घेतलं? झाल्यावर जागेवर नेऊन ठेवलं का? वीस मिनिटांत त्या मुलाला मोठ्या माणसानं किती वेळा थांबवलं ते बोटांवर मोजा. एक हात पुरला तर बरं.

मग पाणी सांडायची वाट बघा. अडीच-तीन वर्षांची पंधरा-वीस मुलं असली की तासाभरात काहीतरी सांडतंच. काही ठिकाणी आरडाओरडा होतो; तिथून उठून सरळ घरी या. काही ठिकाणी मावशी पळत येतात, "असू दे हं राजा" म्हणतात आणि क्षणात फरशी कोरडी करतात. अशा शाळा फार गोड असतात आणि पालक तिथंच फसतात. आणि क्वचित एखाद्या ठिकाणी ताई नुसती मान वळवते. मुलाच्या उंचीवर खिळ्याला छोटं फडकं टांगलेलं असतं, मूल ते आणतं, पाणी पुसण्यापेक्षा पसरवतंच जास्त, पण पुसतं. ताई मध्ये पडत नाही. मला ही तिसरी ताई हवी.

या पद्धतीचं मर्मच ते आहे. लाकडी दट्ट्यांची पेटी बघितली असेल तुम्ही, दहा खड्डे, दहा दट्टे, प्रत्येकाला धरायला वर खुंटी. एक जरी चुकीच्या खड्ड्यात गेला तरी शेवटी एक दट्ट्या उरतो आणि तो कुठंच बसत नाही. चूक पेटी सांगते, ताईला सांगावी लागत नाही. म्हणून वर्गात 'चुकलं' हा शब्द किती वेळा ऐकू येतो तेही मोजा, आणि त्याचबरोबर 'व्हेरी गुड' किती वेळा येतं तेही. हातावर स्टार काढण्याच्या मॉन्टेसरीबाई विरोधात होत्या. माझ्या तोंडून शाब्बास निघून जातं अजून, खोटं कशाला बोलू.

वर्गाचा आवाज कसा असावा, असं नव्या ताई नेहमी विचारतात. साहेब तपासणीला आल्यावर होते तसली शांतता नको, बाजारही नको. लग्नघरात आदल्या दिवशी बायका लाडू वळायला बसल्या की जसा आवाज असतो, ज्याचं त्याचं काम चाललंय आणि मध्येच कुणी हळू काहीतरी बोलतंय, तसा.

आता ठोकळ्याचं. गुलाबी मनोरा म्हणजे दहा लाकडी ठोकळे. सगळ्यांत मोठा 10 सेंटिमीटरचा, मग एकेक सेंटिमीटर कमी होत शेवटचा 1 सेंटिमीटरचा. एका कोपऱ्यात जुळवून मनोरा रचला की प्रत्येक पायरीवर हा शेवटचा ठोकळा नेमका बसतो, म्हणजे एवढ्याशा त्या ठोकळ्यात सगळ्या मनोऱ्याचं माप असतं. आणि हरवतो तोच. खिशातून घरी जातो, कपाटाखाली जातो, आमच्याकडं एकदा डब्यातल्या बटाट्याच्या भाजीत सापडला. शाळा बघायला गेलात की मनोऱ्याचं कौतुक करा आणि सहज विचारा, "यातला सगळ्यांत लहान कुठाय?" दहाच्या दहा ठोकळे नवेकोरे, कोपरे टोकदार, रंगावर ओरखडा नाही, म्हणजे तो मनोरा तुम्हाला दाखवायला आहे. नऊच आहेत आणि दहावा नाही हे तुम्ही विचारल्यावर कळलं, म्हणजे तिथं कुणी मुलाशेजारी बसून मनोरा बघितलेला नाही. आणि "तो गेल्या साली गेला हो, सुताराकडून करून घेतला, रंग जरा वेगळा आलाय" असं उत्तर आलं, तर फॉर्म मागा. पॉलिश पेपरच्या अक्षरांचंही तसंच. कडा उसवलेल्या आणि मधला भाग बोटांनी काळपट झालेला दिसला, की अक्षरं गिरवली जातात हे वेगळं विचारावं लागत नाही.

हे मला कसं सुचलं ते सांगते, कारण त्यात माझाच गुन्हा आहे. नोकरीला सहा-सात वर्षं झाली होती. त्या वेळच्या संस्थेनं महागाचं नवं साहित्य आणलं आणि काचेच्या कपाटात ठेवलं. चावी माझ्याकडं. पालक आले की उघडायचं, गेले की बंद. मुलांना हात लावू द्यायचा नाही, मोडलं तर माझ्या पगारातून. एक लहानशी मुलगी रोज त्या काचेला नाक लावून उभी राहायची. संध्याकाळी मी काचेवरचा तिच्या नाकाचा डाग पुसायचे. दोन वर्षं पुसला. ती मुलगी पहिलीत गेली तरी मनोरा तिच्या हाताला लागला नव्हता, आणि संस्थेच्या माहितीपत्रकावर फोटो त्याच मनोऱ्याचा होता.

वेळापत्रक मागून घ्या. सव्वानऊ प्रार्थना, साडेनऊ पीटी, पावणेदहा राइम्स, दहा वाजता अक्षरओळख, सव्वादहा डबा, साडेदहा डान्स असं असलं, तर साहित्य कितीही भारी असो, मुलाला त्यात बुडायला वेळच नाही. या पद्धतीत सलग तीन तास कामाचे असतात. जूनमध्ये आलेलं मूल लगेच तेवढं टिकत नाही, दिवाळीनंतर कुठं बसायला लागतं, पण वर्गाची आखणी तशी पाहिजे. आणि अडीच ते सहा वर्षांची मुलं एकाच खोलीत असतात. नर्सरी, ज्युनिअर, सीनिअर असे वेगवेगळे वर्ग दिसले तर ती कदाचित चांगली शाळा असेल, मॉन्टेसरी नव्हे. लहानी मोठ्यांचं बघून शिकते, मोठी लहानीच्या बटणाला हात लावते. ताईचं अर्धं काम असंच होतं. प्रत्येक साहित्य एकेकच का ठेवलंय, शाळेकडं पैसे नाहीत का, असंही एका वडिलांनी विचारलं होतं. पैसे असले तरी एकच ठेवायचं. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायला मूल दुसरं कुठं शिकणार?

ताईंना प्रशिक्षण काय झालंय ते विचारा, त्यात संकोच नको. पूर्ण वर्षाचा अभ्यासक्रम वेगळा आणि दोन दिवसांची कार्यशाळा वेगळी. त्याहून महत्त्वाचं, त्या किती वर्षं तिथं आहेत? दरवर्षी ताई बदलत असतील तर कुठंतरी पाणी मुरतंय तिथं. मुलांची संख्या बघून मात्र घाबरू नका. अनुभवी ताई आणि एक मदतनीस मिळून पंचवीस-तीस मुलांचा मिश्र वर्ग नीट चालवतात. काळजी कधी करायची, तर त्यातली बरीचशी तीनच्या आतली आणि सगळी नवीन असतील तेव्हा.

एका बाबतीत मी पाठ्यपुस्तकाबाहेर जाते. सहा वर्षांच्या आत मुलाला खऱ्या वस्तू, खरं जग द्या, परीकथा नकोत, असा मॉन्टेसरीबाईंचा कल होता. मी वर्गात चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगते आणि सांगत राहणार. एखादी ताई गोष्ट सांगताना दिसली म्हणून ती शाळा खोटी ठरवू नका.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. तुम्ही दोघं नोकरी करता का, दुपारी मुलीला कोण बघतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाळणाघराची गरज असेल तर हिशेब बदलतो, कारण मग सकाळच्या तीन तासांइतकंच दुपारच्या झोपेचं ठिकाण महत्त्वाचं.

अंतर मी फार वर धरते. राजारामपुरीतून ताराबाई पार्क लांब नाही, पण परीख पुलाखालचं पावसाळ्यातलं पाणी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै आठवा, शहराच्या त्या बाजूला काय अवस्था होती. पुराचे दिवस सोडा, एरवीसुद्धा रिक्षामामा पाच घरं फिरत मुलीला पोचवणार म्हणजे जाऊन-येऊन दीड तास. पावणेतीन वर्षांच्या जिवाला शाळेपेक्षा रिक्षाच जास्त होईल. चालत जाणारं मूल वाटेत कुत्र्याचं पिल्लू बघतं, फुलवालीशी बोलतं, चप्पल उलटी घालतं आणि सुलट करतं. तेही सगळं शिक्षणच आहे आणि फुकट आहे.

भाषा. नवीन शैक्षणिक धोरण 2020 मध्येच म्हटलंय, की शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषाच माध्यम असावी. माझं कारण मात्र धोरणाचं नाही, हाताचं आहे. मॉन्टेसरीची अक्षरं शिकवायची पद्धत बसली ती इटालियनवर, जिथं अक्षर बहुतेक लिहिलं तसंच उच्चारतात. आपली देवनागरी तशीच. 'क' बघितला की 'क' म्हणायचं, विषय संपला. इंग्रजीचं 'सी' कधी क होतं, कधी स. इंग्रजी वाईट नाही, पण पहिलं बोट मराठी अक्षरावरून फिरावं असं मला वाटतं. आणि एक गंमत बघून ठेवा. आपल्याकडच्या पोरी "मी जातो, मी खातो" म्हणतात, मीही घरी तशीच बोलते. एखादी मुलगी वर्गात "मी केलो" म्हणाली की ताई काय करते? सगळ्यांसमोर "केलो नाही, केलं म्हणायचं!" असं ठणकावते, की "तू केलंस होय, बघू बघू" म्हणून पुढं जाते? पहिल्या प्रकारच्या ताईसमोर ती मुलगी आठवडाभर गप्प बसेल.

पहिलीच्या प्रवेशाची भीती खोटी नाही. जोडलेल्या शाळेचा तेवढा फायदा मी मान्य करते. पण शाळेत घेताना मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घ्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, हेही ठाऊक असू द्या. आणि त्या शाळेत विचारा, "छोट्या गटात गृहपाठ असतो का?" तीन वर्षांच्या मुलीला चार रेघांच्या वहीत पानभर लिहायला लावत असतील, तर पहिलीची हमी फार महाग पडली. मनगट तयार नसतं. आधी ओतणं, पिळणं, बटणं लावणं, मग धातूच्या साच्यांभोवती पेन्सिल फिरवणं आणि मग अक्षर, असा तो रस्ता आहे.

यावरून सासूबाईंकडं येते. आमच्याकडं एक मुलगा तीन आठवडे एका तांब्यातून दुसऱ्यात पाणी ओतत होता. बाकी काही नको. आई चिडली, "पाणी ओतायची फी भरतो का आम्ही?" मी काहीतरी पुस्तकी सांगायला लागले. बरोबर आजोबा होते, जुने पैलवान. ते सुनेला म्हणाले, "तालमीत पयल्या दिवशी कुस्ती लावत न्हाईत. आम्हाला वस्तादांनी सहा महिने माती उकरायला लावली." त्यानंतर मी ते पुस्तकी उत्तर दिलेलं नाही, पैलवानांचंच देते.

सासूबाईंना तुमच्या विरोधातल्या समजू नका. मटार सोलणं, रुमालाच्या घड्या, पोळीचा गोळा लाटणं हे त्या देऊ शकतात, आणि कित्येक बालवाड्यांपेक्षा चांगलं देतात. त्यांना फक्त एक विनंती करा, मुलीला वेळ लागला तर हातातलं काढून घेऊ नका. घरी मिळत नाही ती बरोबरीची चार पोरं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणं. बालवाडी त्यासाठी. पण तीनही शाळा बघून एकही पटली नाही, तर वर्षभर आजीजवळ ठेवा. पहिलीला सहा पूर्ण लागतात, काही बिघडत नाही.

तुमच्या जागी मी असते तर आधी सात मिनिटांवरच्या शाळेत जाऊन बसले असते. मूल हातातलं पुरं करतंय, ताई टिकून आहे, मुलांच्या उंचीचं स्वच्छतागृह कोरडं आहे, इतकं पटलं तर बाकीच्या दोन बघितल्यासुद्धा नसत्या. तिथं तीनच्या मुलांकडून एक ते शंभर लिहून घेताना दिसले, तर मराठी असो, जवळ असो, नको म्हटलं असतं आणि ताराबाई पार्कात गेले असते. तिथं खरोखर शिकलेली ताई असू शकते. फी जास्त म्हणून ढोंग, असंही नसतं.

वर्गात बसायला मिळेल का, ही शंका येईल. "एकानंच या, खुर्चीवरून उठू नका, मुलांशी बोलू नका" अशा अटी घातल्या तर वाईट वाटून घेऊ नका, जाणती शाळा अशीच वागते. "ऑफिसात कॅमेऱ्यावर बघा" म्हणाले तर ती वेगळी गोष्ट. आणि पहिल्या वेळी मुलीला बरोबर नेऊ नका, तिच्यामागं पळण्यात तास जाईल. जाऊन आलात की लिहा, आणि ठोकळा सापडला का ते आठवणीनं कळवा.